पालखी दारात येणार आणि पोराच्या अंगावर कांजण्या

डॉक्टर, नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. माझा मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १४ किलो. परवा संध्याकाळी त्याच्या पोटावर दोन-तीन लाल पुळ्या दिसल्या. दिवसभर पोरं काजूच्या बिया गोळा करत होती, म्हणून चीक लागला असेल असं वाटलं. काल अंग गरम लागलं आणि आज सकाळी बघते तर पाठीवर, छातीवर, डोक्यात केसांमध्येसुद्धा पाण्याचे फोड. सासूबाई म्हणतात देवी आल्यात, नऊ दिवस अंघोळ नाही, औषध नाही, घरात फोडणी नाही. कडुलिंबाचा पाला अंथरुणाखाली घातलाय. घरात नऊ महिन्यांची मुलगी आहे, अंगावर पिते. मला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या, आमच्या ह्यांना नाही झालेल्या. ते रिक्षा चालवतात. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे, ती आणि दीर चार दिवसांनी मुंबईहून शिमग्याला येणार. आठ दिवसांनी पालखी आमच्या दारात. शेजारच्या आजोबांना मागच्या महिन्यात नागीण झाली होती, मुलगा रोज त्यांच्याकडे खेळायला असायचा. त्यातून आलं असेल का? अंघोळ घालू का? औषध देऊ का? डाग राहतील का?
एक आई

ताई, तुमचं पत्र फोनवर आलं त्याच दिवशी दोन गोष्टी कळवल्या होत्या, कारण सदर छापून येईपर्यंत त्या थांबणाऱ्या नव्हत्या. जाऊबाईंना येऊ देऊ नका, आणि यजमानांना लस कुठे मिळते ते आजच बघा. बाकीचं आता सविस्तर लिहिते. फाल्गुन-चैत्रात कांजण्या वाढतातच, त्यामुळे हे उत्तर तुमच्या वाडीत आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

तुमचा सगळा जीव मुलात अडकलाय, साहजिक आहे. पण या घरात सगळ्यात कमी धोका त्यालाच आहे. एरवी धडधाकट असलेल्या साडेचार वर्षांच्या पोराच्या कांजण्या आठवडा-दहा दिवसांत आपल्या आपण बऱ्या होतात. काळजी करायची ती त्याच्या आजूबाजूच्यांची.

आधी जाऊबाई. ज्या बाईला पूर्वी कांजण्या झालेल्या नाहीत आणि जिने लसही घेतलेली नाही, तिला गरोदरपणात त्या झाल्या तर आईला न्यूमोनिया होऊ शकतो. पहिल्या वीस आठवड्यांत लागण झाली तर शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हातापायांच्या, डोळ्यांच्या किंवा मेंदूच्या वाढीत दोष राहू शकतो. बाळंतपणाच्या आगेमागे लागण झाली तर नवजात बाळाला जबर आजार होतो. आकडा लहान दिसला तरी मुद्दाम पत्करावा असा हा धोका नाही. त्यांना आधी त्यांच्या आईला फोन करून विचारायला सांगा, लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का. झाल्या होत्या असं खात्रीने कळलं तर भीती जवळजवळ संपली. खात्री नसेल तर मुंबईतच त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) तपासणी करून घेता येते. गरोदरपणी ही लस देत नाहीत, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. लागण झालेल्यांशी संपर्क आलाच तर दहा दिवसांच्या आत एक विशेष इंजेक्शन देतात, तयार प्रतिपिंडांचं. पण ते मिळवण्याची धावपळ करण्यापेक्षा या वर्षीचा शिमगा त्यांनी गिरगावात नाहीतर डोंबिवलीत, जिथे असतील तिथे करावा. दीर एकटे आले तर चालेल, मात्र त्यांनाही पूर्वी कांजण्या झालेल्या असल्या पाहिजेत. नसतील तर ते इथून आजार घेऊन जातील आणि दोन-तीन आठवड्यांनी बायकोला देतील.

आता तुमचे यजमान. मोठेपणी होणाऱ्या कांजण्या पोरांच्या कांजण्यांपेक्षा बऱ्याच जड जातात. ताप चढा, फोड जास्त, आणि फुप्फुसाला सूज येण्याची भीती, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना. एका घरात राहणाऱ्या, पूर्वी न झालेल्या दहा जणांतल्या नऊ जणांना हा आजार लागतो, कारण तो हवेतून पसरतो, आणि अंगावर पहिली पुळी दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतो. म्हणजे तुम्हाला कळलं त्याच्या आधीच ते त्याच्या शेजारी झोपलेले होते. तरीही लस संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत घेतली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. पूर्वी नकळत होऊन गेल्या असल्या तरी लशीने नुकसान काही होत नाही, त्यामुळे तपासणीच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. मोठ्या माणसाला दोन डोस लागतात, दुसरा चार ते आठ आठवड्यांनी. तालुक्याला मिळाली नाही तर चिपळूणला बालरोगतज्ज्ञांकडे आधी फोन करून मगच जा, ही लस सगळ्यांच्या फ्रिजमध्ये असतेच असं नाही. आणि पुढचे तीन आठवडे त्यांना कणकण आली, अंग दुखलं की त्या दिवशी रिक्षा दारात उभी करायची. पुळी दिसली तर चोवीस तासांच्या आत डॉक्टर गाठायचा. विषाणूवरचं असायक्लोव्हिर नावाचं औषध मोठ्यांना उपयोगी पडतं, पण पहिल्याच दिवशी सुरू केलं तर. तुमच्या मुलाच्या वयाच्या निरोगी पोरांना ते सहसा देत नाहीत, गरज नसते.

मुलीचं शेवटी लिहिते, कारण तिच्या बाबतीत आत्ता करण्यासारखं कमी आहे. अंगावर पाजणं मात्र अजिबात बंद करू नका.

हे कांजण्याच कशावरून, असं मला दरवेळी विचारतात, आणि तुमची काजूच्या चिकाची शंका अगदीच रास्त होती. या दिवसांत किनाऱ्यावरच्या कितीतरी पोरांची बोटं आणि ओठांच्या कडा त्या चिकाने भाजलेल्या असतात. पण चीक जिथे लागतो तिथेच फोड येतो: बोटांवर, हनुवटीवर, हात पुसला त्या मांडीवर पट्टा. सगळे फोड एका दमात येतात, मग कातडी काळी पडून सोलते. ताप नसतो. केसांच्या मुळाशी काजूचा चीक पोचत नाही, म्हणून तुम्ही ‘डोक्यात केसांमध्येसुद्धा’ लिहिलंत तिथेच माझी खात्री होत आली.

उरलेली खात्री तुम्हीच करा. त्याला ओटीवर उजेडात उभं करा, सदरा काढा आणि पाठ तिरकी धरून बघा. कांजण्यांचा फोड आधी लाल ठिपका असतो, काही तासांत उंचवटा होतो, मग त्यावर पातळ सालीचा पाण्याचा फोड येतो, अळूच्या पानावर थांबलेल्या थेंबासारखा, आणि त्याच्या तळाशी लाल गोल. दिवस-दोन दिवसांत पाणी गढूळ होतं, मध्ये खळगा पडतो, मग खपली धरते. एकीकडे हे चाललेलं असताना दुसरीकडे नवे फोड उठतच असतात, तीन ते पाच दिवस. त्यामुळे हाताच्या पंजाएवढ्या जागेत ठिपका, पुळी, पाण्याचा फोड आणि खपली अशी चारही रूपं एकदम दिसतात. ही खूण दुसऱ्या कुठल्या आजारात सहसा सापडत नाही. सुरुवात पोट, पाठ, तोंड, डोकं इथे होते, मग हातपाय. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर मिळून २५० ते ५०० फोड येऊ शकतात, तेव्हा उद्या-परवा आणखी वाढले तर घाबरू नका, ते ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं.

गोवरात आधी तीन-चार दिवस चढा ताप, खोकला, गळणारं नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून उतरणारं लाल पुरळ, त्यात पाणी नसतं. तसं वाटलं तर आरोग्य केंद्राला कळवायलाच हवं. हात-पाय-तोंडाच्या आजारात फोड तळहात-तळपायांवर आणि तोंडात जास्त येतात. घामोळ्या मानेत, पाठीवर, काखेत बारीक असतात आणि गार जागी नेल्यावर बसतात. खरूज बोटांच्या बेचक्यांत, आणि घरातल्या चार जणांना एकदम.

नागिणीबद्दल विचारलंत ते योग्य विचारलंत. हो, तिथून येऊ शकतं. लहानपणी कांजण्या होऊन गेल्या तरी तो विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणात जागा होऊन नागीण उठवतो. त्या फोडांतलं पाणी ज्याला कांजण्या झालेल्या नाहीत अशा पोराला लागलं तर त्याला कांजण्या होतात. लागण झाल्यापासून पुळ्या दिसेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात, तेव्हा तुमचा हिशोब जुळतो. पण अंगणवाडीतूनही आलं असेल, आणि आता आजोबांना त्याचा बोल लावण्यात अर्थ नाही. त्या बिचाऱ्यांना आधीच ‘नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस संपतो’ असं कोणीतरी सांगून ठेवलं असणार. तसं काही नसतं.

आता अंघोळ. इथे तुमच्या सासूबाईंची आणि माझी गाठ आहे, तेव्हा जरा थांबून लिहिते. त्यांच्या दंडावर बहुधा लशीची गोल खूण असेल, ती देवीच्या रोगाची. तो रोग खरोखरच भयंकर होता, दहांतली तीन माणसं घेऊन जायचा, आणि त्यावर औषध नव्हतं. अशा घरात अंघोळ, औषध, पाहुणे, मोठा आवाज सगळं बंद ठेवायचे. भारतातला त्याचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, १९८० मध्ये जगातूनच तो गेल्याचं जाहीर झालं. तुमच्या मुलाला झालेला आजार त्याच्यापेक्षा वेगळा आहे, वेगळ्या विषाणूचा. नियम मात्र जुन्या आजाराचे राहिले.

त्यातले काही मला मोडायचे नाहीत. देवी आलेल्या घरी बाहेरच्याने यायचं नाही, घरातल्याने कोणाकडे जायचं नाही, हा नियम मी लिहून दिला असता तर तोच लिहिला असता. जाऊबाईंना थांबवायचं अवघड काम सासूबाईंवरच सोपवा. ‘देवी आहेत, पोटुशीने येऊ नये’ हे त्यांच्या तोंडून गेलं की दिराला राग येणार नाही, आणि माझ्या रिपोर्टपेक्षा ते लवकर पटेल. पाला अंथरुणाखाली राहू दे, ताजा बदलत जा, म्हणजे त्यात मुंग्या होणार नाहीत. फोडणी नको म्हणतात तर मुलापुरती नको, तोंडात फोड असताना त्याला तिखट कुठे खाववणार आहे! मात्र तुम्ही अंगावर पाजताय. तुमचं जेवण फिकट आणि अर्धपोटी करू नका.

अंघोळ मात्र रोज. चैत्राच्या तोंडावर समुद्राकाठची हवा कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. घाम येतो तो सुकत नाही, खाज दुप्पट होते, पोर खाजवतं, नखांतला मळ फोडात जातो आणि फोड पिकतो. कांजण्यांत पोरांची खरी गुंतागुंत बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. देवीच्या कोपाने पिकत नाही, नखाने पिकतो. न्हाणीत कोमट पाणी घ्या, गारच्या बाजूला झुकणारं. कढत पाण्याने खाज भडकते. साधा साबण हाताने हलका लावा, वज्री नको, काथ्या नको, उटणं नको. बादलीभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकला तर खाजेला आराम पडतो, नाही टाकला तरी चालतं. सासूबाईंना कडुलिंबाचं पाणी हवं असेल तर पाला पाण्यात उकळून, गाळून, गार करून तेच अंघोळीच्या पाण्यात मिसळा, म्हणजे दोघींचं राहतं. नंतर जुन्या लुगड्याच्या मऊ कपड्याने टिपायचं, पुसायचं नाही. दुपारी पुन्हा घामेजला तर पुन्हा अंगावर पाणी घ्या.

पण पाला वाटून अंगाला चोळणं नको, आणि कडुलिंबाचं तेल चमचाभरसुद्धा पोटात द्यायचं नाही. लहान मुलांना त्याने उलट्या, झटके, अगदी गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. राख, शेण, हळदीचा लेप, घामोळ्यांची पावडर, यातलं काहीही फुटलेल्या फोडावर नको. सुईने फोड फोडणं तर नकोच.

खाजेसाठी कॅलॅमाईन लोशन आणा. बाटली हलवून कापसाने फोडांवर टिपत जा, दिवसातून तीन-चार वेळा. डोळ्यांच्या पापण्या आणि तोंडाचा आतला भाग सोडून. घरात उरलेलं बेटनोवेट किंवा मेडिकलवाल्याने दिलेलं खाजेचं कुठलंही ट्यूब लावू नका, त्यातल्या स्टेरॉइडने विषाणूला मोकळं रान मिळतं. नखं आजच कापा आणि एक दिवसाआड कानशीने घासा. देवीत नखं कापत नाहीत असं कोणी म्हणालं तर झोपेत कापा, मी कोणाला सांगणार नाही. रात्री हातांना सुती मोजे घाला. अंगात पातळ सुती झबलं किंवा नुसती चड्डी, नायलॉनची जर्सी अजिबात नको. पंखा चालेल. ‘वारा लागेल’ म्हणून दारं-खिडक्या बंद करून पोराला उकडत ठेवतात, ते करू नका. इतकं करूनही रात्र रात्र झोपत नसेल तर खाज कमी करणारं, थोडी झोप आणणारं औषध डॉक्टर वजनाप्रमाणे देतील. सर्दीच्या सिरपात तेच औषध असतं म्हणून घरातलं सिरप पाजू नका. त्यात बऱ्याचदा पॅरासिटॅमॉलही असतं आणि मग डोस दुप्पट जातो.

ताप आणि अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटॅमॉल. इथे एक गोष्ट बारकाईने बघा. बाजारात त्याच नावाच्या सिरपच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात: एकीत ५ मिलिलिटरमध्ये सुमारे १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या १४ किलोच्या मुलाला साधारण १७५ मिलिग्रॅम पुरे. म्हणजे १२५ ची बाटली असेल तर ७ मिलिलिटर, २५० ची असेल तर ३.५ मिलिलिटर. बाटलीसोबतच्या झाकणाने किंवा पिचकारीने मोजा, चहाच्या चमच्याने नाही. दोन डोसांमध्ये सहा तास, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. आणि थेंबांची छोटी बाटली असते ती याहून कितीतरी कडक असते. धाकटीसाठी आणलेले थेंब चमच्याने मोजून मोठ्याला देऊ नका. अंग नुसतं कोमट असेल आणि पोर खेळत असेल तर औषध द्यायची घाई नाही.

अ‍ॅस्पिरिन चुकूनही नको. आजोबा-आजी हृदयासाठी घेतात ती इकोस्प्रिन, डोकं दुखलं की आपण पाण्यात विरघळवतो ती डिस्प्रिन, ही सगळी अ‍ॅस्पिरिनच. कांजण्यांत मुलांना ती दिली तर यकृत आणि मेंदूला सूज येण्याचा, क्वचित पण जीवघेणा आजार होऊ शकतो. तापाच्या ज्या सिरपात आयब्युप्रोफेन असतं, कॉम्बिफ्लामसारखं, तेही या आजारात टाळा, त्याने कातडीचे जबर जंतुसंसर्ग वाढल्याचं आढळलं आहे. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर फोटो काढून मोठा करून वाचा. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फोड पिकले तरच, आणि डॉक्टरांनी बघून दिलं तरच.

तोंडात, टाळ्याला फोड आले की पोरं जेवण नाकारतात. जेवलं नाही तर बिघडत नाही, पाणी मात्र पोटात गेलंच पाहिजे. गार केलेली तांदळाची पेज, मऊभात आणि दही, नाचणीचं सत्त्व, शहाळ्याचं पाणी, दूध. कोकमाचं सार, लोणचं, लिंबू चार दिवस लांब ठेवा, झोंबतात. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा फार पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. लघवीच्या जागी फोड येऊन जळजळ होत असेल तर कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवून तिथेच करू द्या, रडणं थांबतं.

एवढं सगळं घरी होतं. पण काही दिसलं तर पालखी, पाहुणे, अमावस्या काही न बघता निघायचं. ताप चार दिवसांनंतरही उतरत नाही, किंवा उतरून पुन्हा चढतो. एखाद्या फोडाभोवतीची कातडी लाल, गरम, टणक होऊन पसरत जाते आणि हात लावू देत नाही, किंवा पू येतो. दम लागतो, छातीच्या बरगड्या आत ओढल्या जातात. उलट्या थांबत नाहीत. पोर झापडीत राहतं, हाक मारल्यावर नीट बघत नाही, मान वाकवत नाही. चालताना झोकांड्या जातात. हे कधीकधी फोड सुकू लागल्यावर होतं, तेव्हा बरं वाटतंय म्हणून दुर्लक्ष करू नका. डोळ्याच्या बुबुळावर फोड. फोडांत रक्त किंवा अंगावर काळे-निळे डाग. झटका. यातलं काहीही असेल तर थेट दवाखाना, गाडी नसेल तर १०८. जाण्याआधी फोनवर ‘कांजण्या आहेत’ असं सांगा, म्हणजे ते तुम्हाला बाहेरच्या बाकावर इतर बायाबाळांच्यात बसवणार नाहीत. ज्या मुलाला दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा सिरप चालू आहे, ज्याच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, किंवा जे बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे, त्याच्यासाठी यातलं काही दिसायची वाट न बघता पहिल्या पुळीलाच डॉक्टर. तुमच्या मुलाला यातलं काही नाही असं पत्रावरून दिसतं.

पालखी. पहिली पुळी दिसल्यापासून दहाव्या दिवशी ती तुमच्या दारात असेल. बहुतेक पोरांच्या सगळ्या फोडांवर पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत खपल्या धरतात. दिवस मोजण्यापेक्षा अंग बघा. चोवीस तासांत नवा फोड नाही आणि एकही ओला फोड शिल्लक नाही, डोक्यातलेसुद्धा, की त्याच्याकडून कोणाला लागत नाही. खपल्या पडायला आणखी आठवडा लागेल, त्यांची भीती नाही. असं असेल तर खुशाल खळ्यात पालखी नाचताना बघू दे. एक जरी पाणथळ फोड उरला असेल तर त्याला माजघरातच ठेवा, कारण पालखीमागे वाडीतली सगळी पोरं, सगळ्या लेकुरवाळ्या असतात. संकासुराला बघायचा हट्ट धरेल, तर मागच्या खिडकीशी कोणीतरी घेऊन बसा. अंगणवाडीलाही हाच नियम, आणि सेविकाताईंना आजच कळवून ठेवा, म्हणजे त्या बाकीच्या पोरांवर लक्ष ठेवतील.

डाग. खपली नखाने उपटली किंवा फोड पिकला तर खळगा राहतो. आपल्या आपण पडलेल्या खपलीखाली फिकट किंवा काळसर ठिपका राहतो, तो काही महिन्यांत बराचसा जातो. डागांच्या क्रीमवर पैसे घालवू नका. खपल्यांना खाज सुटते तेव्हा थोडं खोबरेल लावलं तर चालतं. समुद्रात डुंबायला खपल्या पडेपर्यंत नको.

आता धाकटी. तुम्हाला कांजण्या होऊन गेल्यात, त्यामुळे जन्मताना तिला तुमच्याकडून थोडं संरक्षण मिळालं होतं, पण नऊ महिन्यांपर्यंत ते बरंचसं ओसरतं. ही लस वर्षाच्या आत देत नाहीत. भावाला वेगळ्या खोलीत झोपवा, जमेल तेवढं लांब ठेवा, पण खरं सांगायचं तर एका घरात ते फारसं जमत नाही. त्याची पहिली पुळी दिसली ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून दहा ते एकवीस दिवसांच्या पट्ट्यावर रेघ ओढा. याच दिवसांत तिच्या अंगावर उठलं तर उठेल. घरातल्या दुसऱ्या मुलाला फोड जरा जास्त येतात, आणि ती वर्षाच्या आतली आहे, म्हणून तिच्या बाबतीत ताप किंवा पुळी दिसताच डॉक्टरांना एकदा दाखवा, घरीच निभावू नका. तिचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. तो कांजण्यांवर चालत नाही, पण चुकवायचाही नाही. या पट्ट्यात तिला लसीकरणाच्या गर्दीत नेऊ नका, आशाताईंशी बोलून वेगळी वेळ किंवा पुढची तारीख घ्या.

या खेपेला ती सुटली तर पंधरा महिने पूर्ण झाल्यावर कांजण्यांच्या लशीचा पहिला डोस द्या, दुसरा साधारण तीन महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा. १९७४ मध्ये जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी या डॉक्टरांनी ती तयार केली. त्यांच्या स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजण्यांनी रात्र रात्र छळलं होतं, त्यातून ते या कामाला लागले. सरकारी मोफत यादीत ही लस नाही, खाजगीत पैसे मोजावे लागतात आणि ते थोडे नसतात. जाऊबाईंचं बाळ यायचंय, त्यांनाही हे आत्ताच सांगून ठेवा. जाऊबाईंना स्वतःला पूर्वी कांजण्या झालेल्या नाहीत असं निघालं, तर त्यांनी बाळंतपणानंतर लस घ्यावी, अंगावर पाजत असताना ती घेता येते.